टाकेबाईंच्या वर्गातल्या चुका

टाकेबाईंसमोर कोणी "सुईत दोरा घाला" असं म्हटलं, की बाईंचा चेहरा चहात माशी पडल्यासारखा व्हायचा. दोरा घालत नाहीत, ओवतात. घालायचा तो टाका. मारायची ती गाठ. नक्षी आधी काढायची आणि मग भरायची. एखादी नवी मुलगी कौतुकानं "बाई, मी फूल केलं" म्हणाली, की उत्तर ठरलेलं होतं. "फूल झाड करतं. तू भरलंस."

टाकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते खालच्या सायकलवाल्यानं दिलेलं. बाईंचा भरतकामाचा वर्ग त्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर, त्यांच्या घरातच पुढच्या खोलीत भरायचा, आणि कोणी पत्ता विचारला की तो हातातला पाना जिन्याकडे रोखून म्हणायचा, "टाकेबाई ना? वर जा. पण शब्द जपून वापरा." तो हे गमतीनं म्हणायचा असं नाही. एकदा तो स्वतः शर्ट घेऊन वर गेला होता आणि "जरा फाटलंय" म्हणाला होता. त्याला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं.

"फाटलेलं नाही, उसवलंय. शिवण उसवते. कापड फाटतं. फार धुतलेलं कापड विरतं. आणि कापलेल्या कडेच्या दशा निघतात. चारही दुखणी वेगळी, चारही औषधं वेगळी. तू डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' एवढंच सांगतोस का?"

"मी डॉक्टरकडे जातच नाही," सायकलवाला म्हणाला, आणि शर्ट तिथंच टाकून खाली पळाला. संध्याकाळी शर्ट त्याला शिवून मिळाला.

बाईंचा हा काटेकोरपणा कुठून आला, हे त्यांच्या यजमानांना चांगलं ठाऊक होतं. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत. लग्न झाल्यावर नव्या नवलाईत त्यांनी एकदा बायकोला शर्ट दाखवून "या बटणाचं भोक मोठं झालंय" असं सांगितलं होतं. त्या भोकाला काज म्हणतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि आपण कुठल्या बाईशी लग्न केलंय, हेही त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून ते बायकोशी बोलताना आधी मनात एकदा बोलून पाहायचे.

लग्नाआधी, शाळा सोडल्यावर, बाई कामाला लागल्या त्या एका मोठ्या हॉटेलच्या कपडेखोलीत. टॉवेलांच्या, चादरींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं हॉटेलचं अक्षर भरायचं काम होतं. खोलीत खिडकी नव्हती, वाफेचा वास होता आणि वर एक मुकादमीण होती. मुकादमिणीचा हात चांगला होता, पण तिच्याकडे शब्द नव्हते. "ए, ते असं नको, तसं कर." तसं म्हणजे कसं, असं विचारलं की टॉवेल तोंडावर यायचा. कोणाचं काही चुकलं, की ती तो टॉवेल सगळ्यांसमोर उंच धरून नाचवायची. मुली मागच्या इस्त्रीच्या खोलीत जाऊन रडायच्या. बाईही रडल्या होत्या, नाही असं नाही. पण रडता रडता त्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्रत्येक गोष्टीला नाव असलं पाहिजे, म्हणजे ती सांगता येते. आणि चुकलं म्हणून कोणाला मागच्या खोलीत जावं लागू नये.

पुढे स्वतःचा वर्ग निघाला तेव्हा या दोन गोष्टींमधून तिथली ती जगावेगळी पद्धत जन्माला आली. बाईंच्या वर्गात चुकांना नावं होती, आणि ती नावं माणसांची होती.

सुरुवात झाली नर्सबाईंपासून. नर्सबाई दवाखान्यातली पाळी संपवून तशाच वर्गाला यायच्या आणि प्रत्येक टाका असा काही आवळून ओढायच्या की कापडाच्या चुण्या पडायच्या. बाईंनी तो रुमाल हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "अगं, हा रुमाल आहे. याला रक्त येत नाहीये." सगळ्याजणी हसल्या, नर्सबाई सगळ्यांत जास्त हसल्या, आणि त्या दिवसापासून आवळलेल्या टाक्याला 'नर्सबाईंचा टाका' हे नाव पडलं. मग आली 'बँकवालीची उडी'. बँकवाली एक फूल भरून झालं की दोरा संपवायचा आळस करायची आणि मागच्या बाजूनं तसाच लांबवून पुढच्या फुलावर उडी मारायची. कापड उलटं केलं की मागे नुसत्या दोऱ्यांच्या तारा दिसायच्या. 'मावशीची गाठ' म्हणजे हरभऱ्याएवढी गाठ. ती मावशी पुढे मुलाकडे राहायला गेली, पण तिची गाठ वर्गातच राहिली.

नियम साधे होते. चूक जिला पहिली दिसेल तिनं मोठ्यानं नाव घ्यायचं. चूक जुनी असेल तर जुनं नाव, नवी असेल तर जिनं केली तिचं. मग सगळ्यांनी हसायचं. जिचं नाव नव्यानं लागलं तिनं चहा करायचा. एरवी लोक एकमेकांना नावं ठेवतात ती पाठीमागे. इथं ती तोंडावर ठेवली जायची आणि वर चहा मिळायचा.

शेवटचा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याचा टाका त्यानंच उसवायचा. शेजारणीनं मदत म्हणूनही दुसरीच्या टाक्याला कात्री लावायची नाही. एकदा बँकवालीनं घाईत नर्सबाईंचा एक टाका कापला होता, तर बाईंनी तिला आठवडाभर सुई दिली नव्हती, नुसत्या लड्या सोडवायला बसवलं होतं.

बाईंच्या स्वतःच्या नावाची चूक नव्हती. इतक्या वर्षांत ती कोणाला सापडलीच नाही. नव्या मुली डोळ्यांत तेल घालून बघायच्या, कारण बाईंना नाव लावण्याचा मान कोणाला नको असेल? पण बाईंचं काम समोरून जितकं नेटकं, तितकंच मागून. हार मानून त्या परत आपल्या जागेवर बसायच्या.

आणि मग घरात सून आली, ती डावखुरी.

सून सकाळी एका फोटो स्टुडिओत काम करायची आणि दुपारी वर्गात बसायची. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिला आवड होती. बाईंना आधी फार आनंद झाला, पण तिनं डाव्या हातात सुई धरलेली पाहिली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. भरीव टाका घालताना, म्हणजे पाकळी शेजारी शेजारी टाके घालून पूर्ण भरून काढताना, टाके एका बाजूला कलतात. उजव्या हाताच्या बाईचे एकीकडे, डावखुरीचे दुसरीकडे. एकाच कापडावर दोन्ही आले, तर एकाच डोक्यावर दोन भांग पाडल्यासारखं दिसतं.

"उजव्या हातानं धर," बाई म्हणाल्या.

सुनेनं प्रयत्न केला. जमलं नाही. मग तिनं एक युक्ती काढली. डाव्या हातानंच भरायचं, पण कापड उलटं फिरवून धरायचं, म्हणजे टाके बाईंच्यासारखेच कलायचे. हे शिकायला तिला फार वेळ लागला आणि मानेला कायमची कळ लागली. काम बाईंच्या कामाच्या शेजारी ठेवलं तर वेगळं ओळखू येत नव्हतं. बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं आहे." त्यांच्याकडून सुनेला मिळालेली सगळ्यांत मोठी पदवी तीच. घड्याळवाले नंतर सुनेला हळूच म्हणाले, "मला तर अजून 'बरं'ही मिळालेलं नाही. तू भाग्यवान."

एवढं सगळं सांगून झालं, आता पडद्याकडे येऊ.

गावच्या वाचनालयानं नवं सभागृह बांधलं आणि त्याच्या मंचावरचा पडदा भरायचं काम बाईंच्या वर्गाला दिलं. कडेनं लहान फुलं, मध्ये मध्ये पानं आणि बरोबर मधोमध परातीएवढं एक सूर्यफूल. कडेची फुलं सगळ्यांनी वाटून घेतली. मधलं कोणी भरायचं, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मोठ्या कामात मधलं फूल बाईंचं, हे ठरलेलंच होतं. ते भरताना मुली भोवती उभ्या राहून बघायच्या. बाई त्या दिवसांत जरा ताठ बसायच्या, आणि का बसू नयेत?

पण या वेळी गोष्ट वेगळी होती. डोळे दगा देत होते. डॉक्टरांनी थेंब दिले, नवा चष्मा दिला आणि शेवटी "वयाचे डोळे आहेत, बाई" असं सांगून मोकळे झाले. बाईंनी घरात ताकास तूर लागू दिली नाही. दोरा ओवायची वेळ आली की त्यांचे हात नेमके ओले असायचे, नाहीतर चष्मा आतल्या खोलीत राहिलेला असायचा. "जरा ओवून दे गं," त्या सुनेला म्हणायच्या, जणू राणीनं दासीला सांगावं. सून ओवून द्यायची. भरायचं काम मात्र हात सवयीनं करायचा. निदान बाईंना तसं वाटत होतं. हे एक फूल धड भरता आलं नाही, तर आपण बाई कसल्या, हा विचार त्या मनाशी करायच्या आणि लगेच झटकून टाकायच्या.

त्याच सुमाराला घड्याळवाल्यांना फिरायचं वेड लागलं.

हा माणूस जन्मात कधी कामाशिवाय जिना उतरला नव्हता. गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या बेकरीतून पाव आणायचाही कंटाळा करायचा. तो एकदम रोज संध्याकाळी चप्पल घालून दारात उभा. "चल, पुलापर्यंत जाऊन येऊ."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांसाठीच तर. डॉक्टर म्हणालेत."

"कुठले डॉक्टर?"

"आहेत एक," घड्याळवाले म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

पुलावर जाऊनही त्यांचं लक्ष नदीकडे नसायचं. सारखे मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. बाई परत फिरू म्हणाल्या की यांना आणखी एक फेरी मारावीशी वाटायची. बाईंना पहिल्यांदा बरंही वाटलं. म्हातारपणी नवरा फिरायला नेतोय, कौतुकच आहे. पण रोज? कुठंतरी पाणी मुरत होतं.

ते कुठे मुरतंय हे बाईंच्या बोटांना कळलं. एका सकाळी वर्ग भरायच्या आधी त्या एकट्याच सूर्यफुलापाशी बसल्या होत्या. सवयीनं कापडाच्या मागून हात फिरवला. दोरा संपवताना बाई तो मागच्या टाक्यांखालून उजवीकडे सरकवून दडवायच्या. आयुष्यभर उजवीकडेच. आणि त्यांच्या बोटांना दोऱ्याचं शेपूट लागलं ते डावीकडे. शेजारच्या पाकळीचंही डावीकडे. त्या शेजारचीही तीच गत.

समोरून पाकळ्या अगदी बाईंच्या हातासारख्या होत्या. मागून मात्र त्या बाईंनी भरलेल्याच नव्हत्या.

बाईंनी तीनही शेपटं पुन्हा एकदा बोटानं चाचपली. खाली सायकलवाला कुठल्यातरी चाकात हवा भरत होता. घरात एकच डावखुरं माणूस आहे, हे काही शोधून काढायला नको होतं. पण बाई पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी वर्गात त्यांनी पेटीतून जांभळ्या दोऱ्याची लडी काढली आणि दोरा नेहमीसारखा सुनेकडून ओवून घेतला. रंग तेवढे अजून नीट कळत होते. कोणाकडे न बघता, गुणगुणत त्यांनी सूर्यफुलाची एक अख्खी पाकळी जांभळी भरली. नर्सबाई आ वासून बघत राहिल्या. बँकवालीनं त्यांना कोपरानं ढोसलं. वर्गात चकार शब्द निघाला नाही. आणि संध्याकाळी बाई आपण होऊन घड्याळवाल्यांना म्हणाल्या, "चला, आज पुलाच्या पलीकडंही जाऊ."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. सगळ्याजणी आपापल्या कामात अशा काही बुडाल्या होत्या, की जणू परीक्षा आहे. बाई उठल्या, सूर्यफुलापाशी गेल्या, चेहरा अगदी कापडाला टेकवून बघितलं आणि सरळ झाल्या.

"काल मी इथं एक पाकळी भरली होती," त्या म्हणाल्या. "जांभळी. वांग्यासारखी. आज ती पिवळी आहे. एका रात्रीत पिकली का?"

नर्सबाईंच्या तोंडून फिस्सकन हसू फुटलं आणि लगेच त्यांना खोकला आला.

"मी भरली, आई," सून म्हणाली.

"भरायच्या आधी उसवलीस."

"हो."

"माझा टाका."

"हो, आई."

"आणि परवाच्या? त्याच्या आधीच्या?"

सुनेनं नुसती मान हलवली.

"मान हलवू नकोस, बोल. मला दिसत नाही."

वाक्य तोंडातून निघून गेलं. बाईंनी ते परत घ्यायचा प्रयत्न केला नाही. इतके दिवस जपून ठेवलेली गोष्ट अशी भर वर्गात, सगळ्यांसमोर टेबलावर पडली.

दारात घड्याळवाले चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते आत आले आणि ट्रे ठेवत म्हणाले, "तिला ओरडायचं तर आधी मला ओरड. फिरायला न्यायची अक्कल माझी होती."

"तरीच! गुडघे कसे काय एकदम तरुण झाले म्हटलं."

"गुडघ्यांची वाट लागली आहे," घड्याळवाले म्हणाले. "पुलाच्या पलीकडं नेलंस काल. सकाळपासून उठता येत नव्हतं."

एरवी यावर सगळ्या हसल्या असत्या. आज कोणी हसलं नाही, आणि बाईंना नेमकं तेच लागलं. त्या आपल्या खुर्चीत बसल्या. 

"या वर्गात चूक दिसली की काय करायचं असतं?"

"नाव घ्यायचं," बँकवाली पुटपुटली.

"मग माझं का नाही घेतलं? नर्सबाईंना हसता. तुझ्या उड्यांना हसतो आपण सगळ्या. ती मावशी गाव सोडून गेली, तिलाही अजून हसतो. आणि माझी चूक दिसली तर सगळ्यांनी मूग गिळले. म्हणजे मी आता चुकायच्याही लायकीची नाही? मला फोटोत बसवलंत? हार घाला की मग." बाईंनी पदरानं नाक पुसलं. "हॉटेलात ती मुकादमीण टॉवेल नाचवायची. पण ती निदान माझ्या तोंडावर तरी बोलायची गं."

सून उठून खुर्चीपाशी आली आणि खाली जमिनीवर बसली.

"भीती वाटली, आई. नाव घेतलं तर तुम्ही सुई खाली ठेवाल, असं वाटलं. तुम्ही सुई ठेवलीत तर हे सगळं कोण चालवणार? तुम्ही ओरडल्याशिवाय इथं एकीचं तरी धड होतं का? आणि परवापर्यंत ठीक होतं. काल ती जांभळी पाकळी बघितली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. म्हटलं, आता रंगही गेले."

"रंग दिसतात मला," बाई म्हणाल्या. "जांभळी मुद्दाम भरली होती."

"मुद्दाम?" सून वर बघायला लागली. "आई, मी ती उसवताना रडत होते!"

"बरं झालं. माझे टाके उसवल्याचं प्रायश्चित्त मिळालं तुला."

घड्याळवाले कपात चहा ओतता ओतता हसले. मग सगळ्याच थोड्या सैलावल्या. बाई मात्र अजून सुनेकडे वळून बसल्या होत्या.

"आता मला एक सांग. माझं होतंय काय नेमकं? हाताला टाके नीट लागतात. सलग लागतात, सारखे लागतात. मग चुकतं कुठं?"

"टाके चांगलेच आहेत," सून म्हणाली. "पण रेघ ओलांडतात. नक्षीची रेघ आहे ना, तिच्यावर टाका थांबायला पाहिजे. तुमचा थांबत नाही. खालच्या बाजूला बाहेर वाहतो. एक पाकळी दुसऱ्या पाकळीत जाते."

रेघ! बाईंनी तळहात कपाळावर मारला. टाका बोटाला लागतो, गाठ लागते, दोऱ्याचं शेपूट लागतं. पेन्सिलीची रेघ बोटाला कशी लागणार?

"मग घे नाव," बाई म्हणाल्या.

"नको, आई."

"घे म्हणते ना. नवी चूक आहे. इतक्या वर्षांत कोणी केलेली नाही. पहिली तुला दिसली, तेव्हा मान तुझा आहे."

सुनेनं नर्सबाईंकडे पाहिलं, बँकवालीकडे पाहिलं. कोणाची मदत येणार नव्हती.

"बाईंचा पूर," ती अगदी हळू म्हणाली.

 बाईंनी ते नाव तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं. मग परत एकदा, मोठ्यानं. "बाईंचा पूर. रेघ सोडून वाहिलेला टाका, तो बाईंचा पूर." त्यांच्या खांद्यांना हलकेच झटके बसायला लागले. रडतात की काय म्हणून घड्याळवाले पुढे झाले, तर बाई हसत होत्या. असं हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग नर्सबाई हसल्या, बँकवाली टेबलावर डोकं ठेवून हसली, आणि खालून सायकलवाल्यानं ओरडून विचारलं, "वर काय झालं हो?"

"पूर आलाय!" घड्याळवाले खिडकीतून ओरडले.

"चहा आज माझ्याकडून," बाईंनी डोळे पुसत जाहीर केलं.

"चहा मी केलाय," घड्याळवाले म्हणाले.

"मग तो तुमच्याकडून झाला. माझा उद्या."

चहा झाला. कप उचलले गेले. बाईंनी आपली छोटी कात्री मागितली. सूर्यफुलाच्या एका बाजूला अजून काही पाकळ्या होत्या, ज्यांच्यापर्यंत सून पोचली नव्हती. पूर आलेल्या, बाईंच्या. बाईंनी कापड ताणून धरणारी मोठी रिंग मांडीवर उलटी घेतली आणि बोटांनी चाचपत मागून एकेक टाका कापायला सुरुवात केली. उसवण्यात त्यांना डोळ्यांची गरज नव्हती. पिवळ्या दोऱ्याचे तुकडे त्यांच्या मांडीवर पडत गेले. कोणी मदतीला पुढे झालं नाही. नियम तो नियम.

शेवटची पाकळी राहिली तेव्हा सुनेनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"ही एक राहू द्या ना, आई. आठवण म्हणून."

"चूक आहे ती."

"असू दे. तिला आता नाव आहे."

"नाव दिलं म्हणून चूक ठेवायची नसते," बाई म्हणाल्या. "नाव द्यायचं ते उसवताना रडू येऊ नये म्हणून." आणि त्यांनी कात्री चालवली.

पाकळी मोकळी झाली. बाईंनी कापडावरून हात फिरवून दोऱ्याची बारीक कुसळं झटकली, रिंग सरळ केली आणि पेटीतून सुई काढून सुनेसमोर धरली. सवयीप्रमाणे सुनेनं उजवा हात पुढे केला, कारण सासूबाईंसमोर ती सुई नेहमी उजव्याच हातानं घ्यायची आणि मग हळूच डाव्यात न्यायची.

"तो नाही," बाई म्हणाल्या. "दुसरा."

"आई?"

"मला कळत नाही असं वाटतं का तुला? इतकी वर्षं मान वाकडी करून, कापड उलटं धरून माझ्यासारखं भरतेस. आता सरळ धर. तुझ्या हातानं भर."

"पण टाके दुसरीकडं कलतील. कडेच्या सगळ्या फुलांचे एकीकडं आणि या मधल्याचे उलटे. सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे की. मधलं फूल आहे ते. लोकांना कळायला नको का, कोणी भरलंय?" बाईंनी सुई तिच्या डाव्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "आणि भरलेल्या पाकळ्याही काढ. त्या माझी नक्कल करून भरल्यास. चांगल्या आहेत. फार चांगल्या आहेत, मीही इतक्या चांगल्या भरल्या नसत्या. पण त्या तुझ्या नाहीत. उसव आणि नव्यानं भर. मी शेजारी बसते. कुठं घाई केलीस तर ओरडेन."

 घड्याळवाले खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

सुनेनं पिवळ्या दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुईच्या नेढ्याशी नेलं. दोरा बाजूनं गेला. परत नेला, परत बाजूनं गेला.

"ओवला का गं?" बाईंनी विचारलं.

"दिसत नाही, आई," सून म्हणाली. तिनं नाक ओढलं.

"आता तुलाही?" बाई म्हणाल्या. "पूस ते डोळे आधी. एका घरात एक आंधळी पुरे."

नर्सबाई हसता हसता रडायला लागल्या. सुनेनं मनगटानं डोळे पुसले, सुई खिडकीच्या उजेडात धरली आणि दोरा ओवला.